समुद्र आणि अंतराळ, एकाच मथळ्याखाली

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘बायोई३’ नावाच्या धोरणाला मंजुरी दिली. नावातले तीन ‘ई’ म्हणजे इकॉनॉमी, एन्व्हायर्न्मेंट आणि एम्प्लॉयमेंट. जैवतंत्रज्ञानाच्या जोरावर अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार असं तिन्ही साधायचं, हा त्यातला बेत. धोरणाचे सहा विभाग आहेत. जैव-आधारित रसायनं आणि एन्झाइम, स्मार्ट प्रथिनं, अचूक जैवोपचार, हवामानाला तोंड देणारी शेती, कार्बन पकडून वापरणं, हे पहिले पाच. सहावा विभाग आहे भविष्यवेधी सागरी आणि अंतराळ संशोधनाचा. समुद्र आणि अंतराळ, दोन्ही एका मथळ्याखाली.

मी हे वाचलं ते काशीदला, सुरूच्या सावलीत, मोबाइलवर. समोरच समुद्र होता, म्हणून मथळा जास्त खटकला असेल.

साहित्याच्या अंकात सरकारी धोरणाची समीक्षा कशाला, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं साधं आहे. धोरण हे गद्यच असतं. त्यात निवेदक असतो, पात्रं असतात, स्थळ असतं, काळ असतो, आणि काय सांगायचं नाही हेही ठरवलेलं असतं. कादंबरी वाचताना आपण ‘ही बाई सगळ्या प्रसंगांत आहे, मग तिला एकही वाक्य का नाही?’ असं विचारतो. तोच प्रश्न इथेही विचारता येतो. फरक एवढाच, की कादंबरीत वगळलेल्या पात्राचं काही बिघडत नाही.

आधी धोरणाची बाजू. समुद्र आणि अंतराळ यांना एकत्र आणण्यामागे विज्ञान अजिबात नाही असं नाही. खोल समुद्रात प्रचंड दाब, अंधार, थंडी. कुठे उकळत्या पाण्याचे झरे, कुठे क्षारांची कमाल. अशा ठिकाणी जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे वेगळी एन्झाइम असतात, आणि तीच चिवट वृत्ती अंतराळात कामाची ठरू शकते. जून–जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्या प्रयोगांत सूक्ष्म शैवालं होती. अन्न आणि प्राणवायू अशी दोन्ही कामं करू शकणारं शैवाल वजनरहित अवस्थेत कसं वाढतं, हा प्रश्न खरा आणि रंजक आहे. खोल समुद्राच्या मोहिमेचं नावही आपण गगनयानाच्या जोडीला समुद्रयान असंच ठेवलं आहे. ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणार आहे. खाली आणि वर, दोन्हीकडे झेप. वाचायला छान वाटतं.

पण उपमा नुसती शोभेला नसते. तिच्यामुळे एखादी गोष्ट दिसते आणि दुसरी झाकली जाते. अंतराळ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो रिकामा, कुणाचाच नसलेला, पहिल्यांदा पोहोचेल त्याचा प्रदेश. तिथे परवानगी विचारायला कुणी नाही. समुद्राला त्याच्याशेजारी बसवलं की तोही तसाच दिसायला लागतो. धोरणाच्या भाषेत समुद्र ही अजून न उघडलेली कोठी आहे. आत काय आहे ते शोधायचं, बाहेर काढायचं, वाढवायचं, बाजारात न्यायचं. क्रियापदं बघा, सगळी आपल्या बाजूची. समुद्राच्या बाजूचं एकही नाही.

आणि काळ सगळा भविष्यकाळ. भारताची जैवअर्थव्यवस्था २०१४ साली १० अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये १३० अब्जांच्या वर गेली, २०३० पर्यंत ३०० अब्ज करायची आहे. हे आकडे या धोरणाच्या प्रत्येक भाषणात येतात. या आलेखाला ओहोटी नाही.

काशीदला मात्र दिवसातून दोनदा येते.

अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोरलई मागे पडलं, की थोड्या वेळाने उजव्या हाताला ही पुळण लागते. जेमतेम तीन किलोमीटर पांढुरकी वाळू, दोन टोकांना खडक, मागे सुरूची रांग, मग रस्ता, आणि पलीकडे फणसाड अभयारण्याचा डोंगर. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग, घोडागाड्या, वाळूवर घरघरणाऱ्या चार चाकी मोटारसायकली, बनाना राइड. बहुतेक लोक भरती-ओहोटी बघून येत नाहीत. हॉटेलचं चेक-इन बघून येतात. (मीही तशीच आले होते.)

पण पाणी आत गेलं की दोन्ही टोकांच्या खडपावर वेगळीच वर्दळ सुरू होते. खडकाला चिकटलेली कालवं फोडायला बायका येतात. कालव दगडासारखंच दिसतं. कुठला उंचवटा दगड आणि कुठला जीव, हे ओळखायला नजर लागते. मग वरचं कवच नेमक्या जागी ठोकायचं, आतला मऊ भाग अलगद काढायचा. वाळूत आणि चिखलात तिसऱ्या, खुबे. खडकांच्या फटींत चिंबोऱ्या. रायगडच्या किनाऱ्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे आणि ते जवळजवळ सगळं बायकांचं आहे. होडीवर जाणारा कोळी गाण्यात आला, सिनेमात आला. ओणवी होऊन कालवं काढणारी बाई फारशी कुठे आली नाही.

तिला केव्हा यायचं हे कोण सांगतं? कॅलेंडरवरची तिथी. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या आसपास खडप उघडी पडणार, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त उघडी पडणार. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो हे पाऊण तासाच्या त्या हिशेबात अचूक पकडलेलं आहे. उधाणाला कुठपर्यंत जाता येतं, भांगाच्या दिवसांत कुठलं खडप उघडंच पडत नाही, पहिल्या पावसानंतर काय खायचं नाही: हे सगळं विज्ञानच आहे. फक्त ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, कारण कायदा नेमका तिथेच येऊन अडतो.

त्याआधी सुरूकडे वळते, कारण त्याच्या सावलीत बसून हे वाचलं. काशीदच्या प्रत्येक फोटोत सुरू असतो. तो इथलाच वाटतो. तसा तो नाही. हे झाड आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं. वारा अडवायला, वाळू धरून ठेवायला, सरपण मिळायला म्हणून आपल्या किनाऱ्यांवर त्याची लागवड झाली. ते वाळूत वाढतं, खारं वारं सोसतं, मुळांतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र वापरतं. कागदावर यापेक्षा चांगला उमेदवार सापडणार नाही. पण त्याच्या सुईसारख्या काड्यांचा जाड थर खाली साचतो आणि त्यातून दुसरं फारसं काही उगवत नाही. वाळूवर आधी पसरायची ती मर्यादवेल. दोन पाकळ्यांचं, आपट्याची आठवण देणारं पान, जांभळट फुलं, आणि वाळूवर मीटर-मीटर पळणाऱ्या, जागोजागी मुळं धरणाऱ्या फांद्या. वाळूची टेकडी बांधण्याचं मूळ काम तिचं. सुरूची गर्द लागवड जिथे भरतीच्या रेषेला टेकते तिथे कासवांना अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही, अशी तक्रार पूर्व किनाऱ्यावरून वर्षानुवर्षं होत आली आहे. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा नारळी-पोफळींच्या वाड्यांबरोबर हे सुरूही आडवे झाले.

सुरू वाईट, असं मला म्हणायचं नाही. सावली चांगली होती. पण एकाच गुणासाठी एक जीव निवडायचा, तो बाहेरून आणायचा, आणि आधी तिथे काय होतं याची नोंद करायची नाही, ही जी गोष्ट आहे ती मला ओळखीची वाटते. सुरू म्हणजे जुन्या धोरणाचं उभं राहिलेलं वाक्य आहे.

हीच गोष्ट समुद्रात घडलेली आहे, आणि ती फार लांबची नाही. कप्पाफायकस नावाचं लाल समुद्री शैवाल. त्यातून कॅराजीनन मिळतं. आइस्क्रीम, टूथपेस्ट, चॉकलेट दूध यांना घट्टपणा देणारा पदार्थ. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात हे परदेशी शैवाल भारतात आणलं. पुढे तामिळनाडूत पेप्सिकोच्या पुढाकाराने त्याची व्यापारी शेती सुरू झाली. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या बायकांच्या बचत गटांना बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवून खरंच उत्पन्न मिळालं. हे नाकारणं खोटेपणाचं होईल. पण २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ हेच शैवाल जिवंत प्रवाळांवर चढलेलं संशोधकांना आढळलं. प्रवाळ त्याखाली गुदमरतं. सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या आत.

या कथेला एक उपकथानक आहे आणि ते कमी लोकांना माहीत आहे. पेप्सिकोने हे शैवाल निर्यात केलं, तेव्हा जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे लाभातला वाटा म्हणून काही लाख रुपये भरावे लागले. देशातल्या अशा वाटणीच्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे नेहमी सांगितलं जातं. आता विचार करा. वाटा मिळाला तो परदेशातून आणलेल्या शैवालाचा. ज्या प्रवाळावर ते चढलं, त्याचा हिशेब कुठल्या खात्यात?

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्री शैवालाच्या शेतीसाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले. शैवालाला ना गोडं पाणी लागतं, ना खत, ना जमीन, असं प्रत्येक प्रचारपत्रकात असतं. ‘जमीन लागत नाही’ हे वाक्य मी काशीदला बसून पुन्हा वाचलं. जमीन लागत नाही, पण जागा लागते. तराफा जिथे नांगरला जातो तिथे आधी कुणीतरी जाळं टाकत असतं. शैवालाची शेती करूच नये असं नाही. स्थानिक जाती घेऊन, किनाऱ्यावरच्यांना विचारून, छोट्या प्रमाणात करता येईल. पण त्यासाठी आधी समुद्र रिकामा नाही हे मान्य करावं लागतं.

समुद्र रिकामा नाही हे दुसऱ्या एका दस्तऐवजाला माहीत असायला हवं. सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, म्हणजे सीआरझेड. पहिली १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची, आता १८ जानेवारी २०१९ ची. गद्य म्हणून ही अधिसूचना रूक्ष आहे, पण प्रामाणिक आहे. स्वप्नं विकत नाही, अंतरं मोजते. कांदळवनं, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा यांची यादी तिच्यात आहे, आणि त्यांना सगळ्यात वरचा दर्जा आहे. भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्याला स्वतंत्र वर्ग आहे. अंतराळ-समुद्र मथळ्यापेक्षा इथे समुद्र कितीतरी अधिक ओळखीचा वाटतो.

मग बिघडतं कुठे? अंतरांतच. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं राहतात तिथे ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून ५० मीटर. बाकी ठिकाणी २०० मीटर. आधी सगळीकडे २०० होतं. एका आकड्याच्या अलीकडे-पलीकडे दीडशे मीटर किनारा उभा आहे. घनता पूर्ण गावाच्या क्षेत्रफळावर काढली जाते, आणि रायगडातल्या गावांत डोंगर, जंगल, खाजण सगळं येतं. कोळीवाड्यात घराला घर चिकटलेलं असलं तरी कागदावर वस्ती विरळ. शिवाय तात्पुरत्या पर्यटन सोयी भरतीरेषेपासून दहा मीटरवरही चालतात. ‘तात्पुरत्या’ या शब्दाचं वय किती असतं, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

आणि ‘ना-विकास’ हा शब्दच बघा. मर्यादवेल वाळू बांधते, खेकडे बिळं करतात, टिटव्या अंडी घालतात, बायका जाळी वाळवतात, मासळी सुकवतात. एवढं सगळं जिथे घडतं त्या पट्ट्याचं नाव काय, तर जिथे काही घडत नाही तो. संरक्षण देतानाही आपण नकारार्थी नाव देतो. मराठीत त्या रेषेला नाव नव्हतं असंही नाही. एका वेलीलाच आपण मर्यादा म्हटलं होतं.

आता तिसरा दस्तऐवज, ज्याच्यासाठी खरं तर हा सगळा लेख लिहायला घेतला.

जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याचा गाभा सोपा आहे: एखाद्या ठिकाणचा जीव किंवा त्याविषयीचं लोकांचं ज्ञान वापरून कुणी पैसा कमावत असेल, तर त्या ठिकाणच्या लोकांना वाटा मिळाला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक स्थानिक संस्थेत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती, आणि तिने तयार करायची लोक जैवविविधता नोंदवही. गावातले जीव, त्यांची स्थानिक नावं, उपयोग, आधी किती होते, आता किती आहेत, कुणाला काय माहीत आहे. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचं १९९० च्या दशकापासूनचं काम आहे. कल्पना म्हणून मला ती फार मोठी वाटते: गावाने स्वतः लिहिलेलं, गावाच्या भाषेतलं, जिवंत पुस्तक.

प्रत्यक्षात काय झालं? २०१६ मध्ये, म्हणजे कायदा होऊन चौदा वर्षांनी, देशभरात जेमतेम दहा हजार समित्या होत्या आणि नोंदवह्या दीड हजाराच्याही आत. मग राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१९ मध्ये मुदत घातली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळं पूर्ण करा, नाही तर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील. आणि समित्यांचा आकडा पाहता पाहता दोन लाखांच्या पलीकडे गेला. इतक्या घाईत लिहिलेल्या लाखो पुस्तकांची समीक्षा मी करू शकत नाही, पण मुदतीखाली लिहिलेलं पुस्तक कसं होतं हे लिहिणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तक्ता आधी येतो, माणूस नंतर.

या तक्त्यात काशीदची खडप कुठे बसेल? ग्रामपंचायतीची हद्द जमिनीवर मोजली जाते. भरती-ओहोटीच्या मधल्या खडकाला सातबारा नसतो. कालवं काढणारी बाई एका गावची, खडप दुसऱ्या गावासमोरची, असंही असतं. आणि तिचं ज्ञान ‘वनस्पती’, ‘प्राणी’ अशा रकान्यांत मावत नाही, कारण ते जीव-जीव सुटं नाही. ते वेळेचं आहे: कुठल्या तिथीला, कुठल्या खडपावर, कुठल्या महिन्यात नाही. तिथीच्या पाऊणपटीला कुठला रकाना?

हे क्षुल्लक वाटेल. पण २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे, आणि तेव्हापासून लिहिलेलं आणि न लिहिलेलं हा फरक पैशांचा झाला आहे. दुरुस्तीनुसार संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, म्हणजे ग्रंथांत नोंदलेलं ज्ञान, वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट मिळाली. नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि लागवडीतल्या औषधी वनस्पतींनाही मिळाली. उल्लंघनाला तुरुंग होता, तो जाऊन दंड आला. सूट देण्यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. ग्रंथातलं ज्ञान सगळ्यांचं, आणि छोट्या वैद्याला परवान्यांच्या फेऱ्यांत अडकवू नये. पण डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात भारतीय कंपन्यांनाही वाटा द्यावा लागेल असं ठामपणे सांगितलं होतं, हे लक्षात ठेवून दुरुस्ती वाचली तर ती कुणाच्या सोयीची आहे हे दिसतं.

आणि साहित्याची वाचक म्हणून मला तिच्यात एक उलटा न्याय दिसतो. ज्यांच्या पूर्वजांकडे ग्रंथ होते त्यांचं ज्ञान आता मोकळं, कुणीही वापरावं. ज्यांच्याकडे ग्रंथ नव्हते त्यांच्या ज्ञानाला कायदा अजून वाटा देऊ करतो, पण तो मागायला पुरावा लागणार, आणि पुरावा म्हणजे पुन्हा लिखाणच: ती नोंदवही. म्हणजे खडपावरच्या बाईला तिच्या माहितीचा मोबदला मिळायचा तर आधी तिचं म्हणणं कुणीतरी घाईघाईने भरलेल्या तक्त्यात असायला हवं. नसेल, तर कायद्याच्या लेखी ते नव्हतंच.

मोबदला कसला, असं विचाराल. कालवांतून कुठे अब्जावधी मिळतात? कालवांतून नसतील मिळत. पण किनाऱ्यावरच्या चिकट, डंख मारणाऱ्या, बेढब जीवांनी औषधशास्त्राला काय दिलं ते बघा. रक्ताच्या कर्करोगावरचं सायटॅराबिन हे औषध ज्या रेणूंवरून सुचलं ते १९५० च्या सुमाराला कॅरिबियन स्पंजात सापडले होते. औषधाला अमेरिकेत १९६९ मध्ये मान्यता मिळाली. असह्य वेदनांवरचं झिकोनोटाइड एका शंकूगोगलगायीच्या विषातून आलं. या गोगलगायींपैकी काहींचा डंख माणूस मारू शकतो हे फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर ठाऊक होतं, आणि तिथल्याच बाल्डोमेरो ऑलिव्हेरा या शास्त्रज्ञाच्या कामातून पुढे ते औषध घडलं. मान्यता २००४ ची. २०१८ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये एक अभ्यास आला होता: पेटंटमध्ये नोंदल्या गेलेल्या ८६२ सागरी प्रजातींच्या सुमारे तेरा हजार जनुकीय अनुक्रमांपैकी ४७ टक्के एकट्या बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या नावावर. म्हणजे समुद्र कुणाचाच नाही असं म्हणता म्हणता त्याचा बराचसा भाग कुणाच्यातरी नावावर होऊनही गेला आहे.

आता तर जीव नेण्याचीही गरज नाही. एकदा जनुकांची अक्षरं वाचून संगणकात टाकली की पुढचं सगळं त्या फाइलवरून करता येतं. स्पंज काशीदच्या खडकावरच राहील, त्याचा मजकूर कुठेही असेल. खोल समुद्राबाबत जगाने २०२३ मध्ये एक करार केला, राष्ट्रीय हद्दींपलीकडच्या सागरी जैवविविधतेचा. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली. त्यात या डिजिटल मजकुराच्या लाभाचीही चर्चा आहे. दोनशे सागरी मैलांपलीकडच्या, जिथे माणूस राहत नाही त्या पाण्याच्या वाटणीचा विचार झाला, हे चांगलंच झालं. पण दोनशे मीटरच्या आतल्या पाण्यात माणूस आहे, आणि तिथला विचार तक्त्यात अडकला आहे.

थोडा दोष आपल्याकडेही येतो, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्यांकडे. आपल्या लिखाणातला समुद्र बहुतेक वेळा दुरून बघितलेला असतो. तो विरहाचा असतो, स्वातंत्र्याचा असतो, गूढ असतो, अथांग असतो. कवी वाळूवर उभा, पाणी समोर. ‘अथांग’ हा शब्द मला आता संशयास्पद वाटू लागला आहे. धोरणाच्या ‘अमर्याद क्षमता’ या शब्दांपासून तो फार लांब नाही. दोन्हींत मधला पट्टा नाही, जिथे पाणी गुडघ्याइतकं असतं, पाय कापतात आणि टोपली भरते. सरकारी समुद्र आणि काव्यातला समुद्र या बाबतीत सख्खी भावंडं आहेत.

काशीदच्या उत्तरेला कोरलईत चारेकशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज आणि मराठी मिसळून तयार झालेली एक बोली अजून बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. तिथले लोक तिला ‘नौ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ तिथे आले, राहिले, ऐकलं, व्याकरण लिहिलं. नोंद करायची तर ती अशी होते: माणसाशेजारी बसून, त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबून. तिथून काही किलोमीटरवर खडपांचंही एक व्याकरण आहे. उधाण, भांग, खडप, खाजण, निवटी, कालव, तिसरी. आणि त्यांना जोडणारी वाक्यं, जी फक्त तिथल्या बायकांना येतात. काम अवघड नाही. फोन सगळ्यांकडे आहेत. काशीदच्या आसपासच्या एखाद्या कॉलेजातली दोन मुलं एक वर्ष, प्रत्येक उधाणाला, एका आजीमागे खडपावर गेली तर जे तयार होईल ते कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा भारी असेल. नोंदवही सुधारता येते. कायद्याने ती बंद केलेली नाही. उलट आपल्या हद्दीतल्या जीवांच्या वापराबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने आणि राज्य मंडळाने गावच्या समितीशी सल्लामसलत केलीच पाहिजे, असं कलम ४१ सांगतं. समितीकडे सांगण्यासारखं काही असलं, तर ते कलम जिवंत आहे.

मी उठले तेव्हा पाणी वर यायला लागलं होतं. नवमी होती, नवाची पाऊणपट पावणेसात. खडपावरून दोन बायका टोपल्या घेऊन परतत होत्या आणि त्यांच्या वाटेत कुणीतरी पर्यटक घोडागाडीवर बसून व्हिडिओ काढत होता. एकीने हाताने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, मग थांबून माझ्याकडे बघत विचारलं, ‘किती वाजले गो?’ मी सांगितलं, पाच. ‘मग येल हाय अजून,’ म्हणाली आणि टोपली वाळूवर ठेवून पुन्हा खडपाकडे वळली.